पृथ्वीगोलावरचा दोरा

"मामा, आईचं विमान रस्ता चुकलंय," असे माझ्या अकरा वर्षांच्या भाचीने एका रात्री जाहीर केले आणि हातातला फोन माझ्यासमोर धरला. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, कामानिमित्त न्यूयॉर्कहून माद्रिदला निघाली होती, आणि विमानांचा माग दाखवणाऱ्या नकाशावर तिचे चिमुकले पिवळे विमान अमेरिकेचा किनारा सोडून ईशान्येकडे सरकत होते. भाचीचा आक्षेप बिनतोड होता. न्यूयॉर्क ४०.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि माद्रिद ४०.४ अंशांवर, हे तिने अ‍ॅटलास उघडून आधीच पाहून ठेवले होते. म्हणजे दोन्ही शहरे जवळपास एकाच आडव्या रेषेवर येतात. मग नाकासमोर पूर्वेला जायचे सोडून हे विमान वर कशाला चालले आहे?

अशा प्रश्नाला तोंडी उत्तर देण्यात अर्थ नसतो. मी कपाटावरचा धूळ बसलेला पृथ्वीगोल खाली काढला, शिवणाच्या डब्यातून लाल दोरा आणला आणि त्याचे एक टोक न्यूयॉर्कवर व दुसरे माद्रिदवर धरून तिला तो सरळ ताणायला सांगितले. तिने आधी तो ४० अंशांच्या रेषेवर नीट बसवला आणि मग टोके ओढली. दोरा रेषेवर थांबेना. जरा ताण बसला की तो घसरून वर सरके आणि अटलांटिकच्या मध्यावर ४६ अंशांच्या आसपास जाऊन स्थिर होई. रेषेवर ठेवायचा तर मधे बोट दाबून धरावे लागे, आणि बोट दाबले की दोरा अपुरा पडे. हे तिने चार-पाच वेळा करून पाहिले, माझ्याकडे संशयाने पाहिले आणि मग स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे वाकडा रस्ताच जवळचा आहे."

वाकडा तो नकाशावर दिसतो. गोलावर तो सरळच असतो. ४० अंशांची रेषा धरून गेले तर हे अंतर सुमारे ५,९५० किलोमीटर भरते आणि ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेने सुमारे ५,७७० किलोमीटर. या दुसऱ्या वाटेला भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात: पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या सपाट प्रतलाने गोल कापला तर पृष्ठभागावर जी कड उमटेल, ती. आपल्या डोळ्यांना ती वाकडी वाटते याचे खापर बऱ्याच अंशी गेरार्डस मर्केटर याच्या १५६९ सालच्या नकाशावर फोडता येईल. तो नकाशा त्याने खलाशांसाठी केला होता. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारी वाट त्यावर सरळ रेषेत यावी एवढीच त्याची अट होती, आणि ती पूर्ण करण्यासाठी त्याला ध्रुवांकडचा प्रदेश भलताच ताणावा लागला. त्याच नकाशाचे वारस पुढे शाळांच्या भिंतींवर आले आणि मोबाइलच्या पडद्यांवरही उतरले.

दोन विमानतळांमधले अंतर सांगणारी जी संकेतस्थळे आहेत, त्यांच्या पोटात हाच दोरा असतो, फक्त तो गणिताचा असतो. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरायची आणि हॅव्हरसाइन नावाच्या त्रिकोणमितीच्या सूत्रात हे आकडे घालायचे. अंतर हाती येते. याहून काटेकोर हिशेब हवा असेल तर पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे हे लक्षात घ्यावे लागते. विषुववृत्ताकडची तिची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवांकडची सुमारे ६,३५७ किलोमीटर आहे. थॅडिअस व्हिन्सेंटी याने १९७५ साली या चपटेपणासकट अंतर काढण्याची जी रीत मांडली, ती मिलिमीटरच्या भाषेत बोलते. प्रवाशाला तिचा काडीचा उपयोग नाही, पण मला तिचे भारी कौतुक आहे.

या अंतराची दोन टोके नेमकी कोणती, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू ठरलेला असतो आणि विमानतळाचे म्हणून जे अक्षांश-रेखांश दिले जातात, ते त्या बिंदूचे असतात. तो सहसा धावपट्ट्यांच्या मांडणीच्या भौमितिक मध्याजवळ येतो, म्हणजे पुष्कळदा मोकळ्या गवतात. तिथे कोणतेही विमान थांबत नाही आणि कोणताही प्रवासी उतरत नाही. तेव्हा अमुक ते तमुक ५,७७० किलोमीटर असे आपण म्हणतो, तेव्हा एका गवतातल्या बिंदूपासून दुसऱ्या गवतातल्या बिंदूपर्यंतचे अंतर सांगत असतो, आणि आपण स्वतः त्या दोहोंपैकी एकावरही कधी उभे राहत नाही.

एवढे सगळे मान्य करूनही अंतर ही विश्वासाची गोष्ट आहे. ते काल जेवढे होते तेवढेच आज आहे, आणि जाताना जेवढे आहे तेवढेच येताना. माझी तक्रार आहे ती त्याच्या शेजारी, त्याच टाइपात, त्याच ठामपणे छापलेल्या दुसऱ्या आकड्याबद्दल, म्हणजे वेळेबद्दल. हा आकडा येतो कुठून? साधारणपणे अंतराला ताशी ८००-८५० किलोमीटर अशा एखाद्या सरासरी वेगाने भागायचे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास वर टाकायचा, एवढाच तो हिशेब असतो. काही वर्षांपूर्वी मी असाच एक आकडा पाहून, १,२०० किलोमीटर म्हणजे दोन तास असे मनात पक्के करून, एका जुन्या मित्राला "निघालो की दोन तासांत पोचतो" असे कळवून बसलो. घराच्या दारापासून तिकडच्या विमानतळाच्या दारापर्यंत मला सहा तास लागले. तो बिचारा गाडी घेऊन तिष्ठत उभा होता. भेटल्यावर त्याने आधी मिठी मारली आणि मग विचारले, "तुझे दोन तास कोणत्या ग्रहावरचे होते?"

त्यानंतर मी एक वही केली. प्रत्येक विमानप्रवासासाठी तिच्यात एक ओळ असते आणि चार रकाने: अंतर, तिकिटावरचा वेळ, प्रत्यक्ष हवेत गेलेला वेळ आणि दारापासून दारापर्यंतचा वेळ. पहिला रकाना मी घरूनच शाईने भरून ठेवतो. उरलेले तीन त्या त्या वेळी, जमेल तसे, पेन्सिलीने भरतो.

तिकिटावर जो वेळ असतो तो उडण्याचा वेळ नसतो, हे मला या वहीने शिकवले. विमान उभे असते तेव्हा त्याच्या चाकांना अडसर म्हणून ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागचे हलले की घड्याळ सुरू होते आणि दुसऱ्या टोकाला चाकांपुढे पुन्हा ठोकळे लागले की ते थांबते. या साऱ्या काळाला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात. खिडकीशी बसलो असलो तर मी ते ठोकळे शोधत असतो. एकदा दिसले होते: पिवळ्या रंगाचे, कडा झिजलेले, मधून जाड दोरीने जोडलेले दोन ठोकळे. एका कामगाराने ती दोरी धरून त्यांना चाकाजवळून असे सहज ओढून नेले, जसे कोणी दारातले पायपुसणे बाजूला करावे. मी घड्याळ पाहिले. त्यानंतर आम्हाला बुटक्या ट्रॅक्टरने मागे ढकलले, मग आम्ही स्वतःच्या बळावर रांगत निघालो, वळलो, थांबलो, पुन्हा रांगलो, आणि आमच्यापुढच्या सात विमानांच्या शेपट्या एकेक करून उडून गेल्यावर आमची पाळी आली. चोवीस मिनिटे गेली होती आणि ठरलेल्या दिशेने आम्ही एक किलोमीटरही सरकलो नव्हतो. उलट वारा समोरून हवा म्हणून धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडून उड्डाण झाले, ते जायचे त्याच्या विरुद्ध दिशेला, आणि तिथून एक मोठे वळण घेत आम्ही मार्गाला लागलो.

शेवटी उतरतानाही हेच होते. पस्तीस हजार फुटांवरून उतरायचे तर वैमानिक तोंडी हिशेब असा करतात की दर हजार फुटांना तीन सागरी मैल लागतात. सागरी मैल १,८५२ मीटरचा असल्यामुळे विमानतळ अजून सुमारे १९५ किलोमीटर दूर असतानाच उतरण सुरू करावी लागते. पुढे गर्दी असेल तर तिथून आणखी घिरट्या. चढणे आणि उतरणे यांची ही किंमत छोट्या प्रवासालाही तेवढीच मोजावी लागते, म्हणून छोटा प्रवास अंतराच्या मानाने फार महाग पडतो. माझ्या वहीतल्या दोन ओळी शेजारी ठेवून पाहाव्यात: ४०० किलोमीटरला जमिनीवरच्या रांगण्यासकट सव्वा तास आणि ४,००० किलोमीटरला पाच तास. अंतर दहापट, वेळ चौपट. याच्या टोकाचे उदाहरण स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत आहे. तिथे वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ सालापासून नियमित विमान जाते. अंतर सुमारे २.७ किलोमीटर, वेळापत्रकातला वेळ दोन मिनिटे आणि वारा मदतीला असताना झालेला विक्रम ५३ सेकंदांचा. जगातल्या मोठ्या विमानतळांवरच्या कित्येक धावपट्ट्यासुद्धा याहून लांब असतात.

पण वेळेचा खरा धनी वारा आहे. विमानाचा वेग म्हणजे भोवतीच्या हवेतून जाण्याचा वेग, आणि ती हवा स्वतःच जर वाहत असेल तर तिचा वेग त्यात मिळवावा किंवा त्यातून वजा करावा लागतो. मध्यम अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जे वेगवान हवेचे पट्टे आहेत, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. जपानच्या तातेनो येथील वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्यांनी आपला अहवाल १९२६ साली एस्परांटो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेत प्रसिद्ध केला, सगळ्या जगाला वाचता यावा म्हणून. आणि एस्परांटो वाचणारे जग फारच लहान असल्यामुळे त्याच्याकडे बाहेर जवळपास कोणाचेच लक्ष गेले नाही. १९४४ साली अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमाने जपानवर उंचावरून गेली तेव्हा त्यांची गाठ याच वाऱ्यांशी पडली. भाषेच्या निवडीने एखादा शोध इतका झाकला जावा, याची हळहळ मला दर वेळी वाटते.

न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर आहे. ९ फेब्रुवारी २०२० रोजी, ब्रिटनवर वादळ आलेले असताना, एका प्रवासी बोइंग ७४७ ने ते ४ तास ५६ मिनिटांत कापले. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग एका टप्प्यावर ताशी १,३०० किलोमीटरच्या आसपास गेला होता. तरीही ध्वनीची भिंत त्याने ओलांडली नव्हती, कारण भोवतीच्या हवेच्या मानाने ते आपल्या नेहमीच्याच चालीने चालले होते. त्याच दिवशी उलट दिशेने निघालेल्यांना हाच वारा तोंडावर घेत जावे लागले असणार.

जाताना मिळालेले येताना जाते, तेव्हा हिशेब शेवटी सारखाच होतो, असे मला बरीच वर्षे वाटत असे. तसे होत नाही. ५,४०० किलोमीटरचा प्रवास ताशी ९०० किलोमीटरने करायचा असेल, तर वारा नसताना जायला सहा तास आणि यायला सहा तास लागतील. ताशी १५० किलोमीटरचा वारा धरा. जाताना तो पाठीशी असल्यामुळे ५ तास ९ मिनिटे लागतील आणि येताना समोरून असल्यामुळे ७ तास १२ मिनिटे. बेरीज १२ तास २१ मिनिटे. याचे कारण साधे आहे: वाऱ्याच्या मदतीत आपण कमी वेळ असतो आणि त्याच्या विरोधात जास्त वेळ. हा सावकार व्याज लावतो.

म्हणूनच दोऱ्याची वाट ही सर्वांत जवळची असली, तरी ती सर्वांत लवकर पोचवणारी असतेच असे नाही. न्यूयॉर्क आणि सिंगापूर ही दोन ठिकाणे पृथ्वीच्या जवळपास समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत, त्यामुळे त्यांच्यामधला दोरा जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जातो आणि सुमारे १५,३०० किलोमीटर भरतो. तरीही सिंगापूरहून निघालेले विमान पुष्कळदा ध्रुवाचा नाद सोडून पॅसिफिकवरून जाते. शेकडो किलोमीटर जास्त पडतात, पण पाठीवर वारा मिळतो. अटलांटिकवर तर वाटाच रोज नव्या आखल्या जातात. वाऱ्याचा अंदाज पाहून दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी आणि रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी समांतर मार्गांचे जाळे जाहीर होते, आणि पुढच्या खेपेला ते बदलते. रस्ता तोच आणि गाड्या वेगळ्या, हे आपल्याला ठाऊक असते. इथे गाडी तीच आणि रस्ता रोज वेगळा.

वाऱ्याशी भांडता येत नाही. माणसांनी घातलेल्या कुंपणाशी निदान रागावता येते. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे आणि त्याचा जवळचा मार्ग रशियावरून जातो. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर युक्रेनमधील युद्धामुळे युरोपीय विमानांना रशियाचे आकाश बंद झाले आणि साडेनऊ-दहा तासांचा हा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. शहरे जागची हलली नाहीत, विमानेही तीच, पण जपान युरोपपासून तीन तासांनी लांब गेला. शीतयुद्धाच्या काळात हे एकदा होऊन गेलेले आहे. सोव्हिएत आकाश बंद असल्यामुळे १९५७ साली कोपनहेगनहून टोकियोला जाणारी विमानसेवा ध्रुवाकडून, अलास्कातल्या अँकरेजला थांबा घेत सुरू झाली, आणि तेव्हा ती मोठी सोय वाटली होती.

मग घड्याळाचा घोळ आहे. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची, त्यामुळे त्यांची वजाबाकी करून प्रवासाचा वेळ काढणारा माणूस हमखास फसतो. ध्वनीहून वेगाने उडणारी प्रवासी कॉन्कॉर्ड लंडनहून सकाळी साडेदहाला निघे आणि न्यूयॉर्कला साडेनऊच्या सुमारास, म्हणजे घड्याळाप्रमाणे निघण्याच्या आधी, पोचे. प्रवास साडेतीन तासांचा आणि दोन शहरांच्या वेळांमधला फरक पाच तासांचा. न्यूयॉर्कहून लंडनला येताना तिने ७ फेब्रुवारी १९९६ रोजी २ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांचा विक्रम केला. २००३ साली ती बंद झाली. आजची प्रवासी जेट विमाने १९५८ साली सेवेत आलेल्या बोइंग ७०७ पेक्षा फारशी जलद उडत नाहीत. इंधन मात्र पुष्कळ कमी पितात. शिवाय गर्दी आणि रांगा धरून वेळापत्रकात थोडी सैल जागा आधीच सोडलेली असते, म्हणून उशिरा निघालेले विमानही कधीकधी वेळेआधी पोचते आणि प्रवासी वैमानिकावर खूश होतात.

त्या रात्री भाची झोपायला तयार नव्हती. पिवळे विमान न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेकडून पुढे गेले आणि हळूहळू खाली वळू लागले, तेव्हा तिने दोरा पुन्हा गोलावर धरला, फोन शेजारी ठेवला आणि दोन्हींची तुलना केली. विमान दोऱ्यापासून थोडे दक्षिणेला होते. "वाऱ्यासाठी," मी म्हणालो. ती काही बोलली नाही, पण पडद्यावरची पोचण्याची वेळ मधेच चार मिनिटांनी अलीकडे आली, ती तिने बरोबर टिपली. मग बसल्या जागीच तिचा डोळा लागला.

विमान उतरले तेव्हा मी जागा होतो. बहिणीचा "बाहेर आले" हा निरोप त्यानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी आला. सकाळी भाचीने माझी वही मागून घेतली आणि आईची ओळ स्वतः लिहिली: अंतर ५,७७० शाईने, बाकीचे रकाने पेन्सिलीने. मग खाली परतीची ओळ आखली आणि पुन्हा गोलाकडे गेली. दोरा उलट धरला, आधी माद्रिद आणि मग न्यूयॉर्क, आणि काळजीपूर्वक ताणला.

"मामा, दोरा तर तेवढाच आहे."

"तेवढाच आहे."

तिने ५,७७० शाईने लिहिले. पुढच्या रकान्यापाशी थोडा वेळ थांबली, खिडकीबाहेर हलणाऱ्या फांद्यांकडे पाहिले, आणि पेन्सिल उचलून सव्वाआठ तास लिहिले. मग तेही खोडून पुढे बारीक अक्षरांत लिहिले: वारा पाहून.